दोरा तुटला की

"आणि मुलं काय म्हणाली?"

आक्कांनी विचारलं तेव्हा ऋजुताला अजून धाप लागलेली होती. गोष्ट नुकतीच संपली होती. तिनं हत्ती केला होता, माकड केलं होतं, नदीला आलेला पूरही केला होता.

"मुलं?" ती हसली. "काहीच नाही, आक्का! एकानंही तोंड उघडलं नाही. गोष्ट संपेपर्यंत नुसती माझ्याकडे बघत होती. बाहेरच्या मागांचा आवाज तेवढा येत होता."

"काहीच नाही म्हणाली?"

"चकार शब्द नाही!"

आक्का वाटाण्याच्या शेंगा सोलत होत्या. त्यांनी एक शेंग उकलली, दाणे वाटीत टाकले.

"वाईट झालं," त्या म्हणाल्या.

ऋजुताला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही.

इचलकरंजीत यंत्रमागांच्या एका गल्लीच्या टोकाला आक्कांची बालवाडी होती. आक्का म्हणजे इंदुमती खारगे. सगळं आयुष्य लहान मुलांत गेलेलं. लांबलांबच्या गावांहून शिक्षिका त्यांच्याकडे शिकायला येत. आक्का त्यांना भाषण देत नसत. "बस वर्गात," एवढं म्हणत, आणि मग बरेच दिवस काहीच म्हणत नसत.

ऋजुता पुण्याहून आलेली. बालशिक्षणाच्या अभ्यासक्रमात पहिली. कथाकथनाच्या स्पर्धेत ती उभी राहिली की बाकीच्यांनी बक्षिसाची आशा सोडायची, असा तिचा लौकिक होता. आवाज असा की शेवटच्या रांगेतल्या म्हाताऱ्याचीही झोप उडावी. आक्कांचे गुडघे धरायला लागल्यापासून वर्ग तीच घेत होती. आक्का ओसरीवर खुर्ची टाकून बसत.

इतके महिने झाले, पण आक्कांच्या तोंडून तिनं एकदाही 'छान' ऐकलं नव्हतं. आज तरी ऐकायला मिळेल, अशी तिची खात्री होती.

"वाईट कसं?" तिचा आवाज जरा चढलाच. "मुलं किती रंगली होती!"

"असतील की."

"तुम्ही ऐकली तरी का गोष्ट?"

"नाही ऐकली. सांग की मला."

"आत्ता? इथं?"

"का? मी मोठी आहे म्हणून मला गोष्ट सांगायची नाही होय?"

ऋजुतानं ओढणी कमरेला खोचली. स्पर्धेत उभी राहायची तशी ती उभी राहिली आणि तिनं सुरुवात केली. हत्तीचं पिल्लू आईला शोधत निघालं. जंगल झालं, वारा झाला. पिल्लू नदीत उतरलं तेव्हा ऋजुतानं डोळे मिटले, हाताची सोंड वर केली, आणि ओसरीभर पाण्याचा आवाज घुमवला. आई सापडली. सोंडेत सोंड अडकली.

तिनं डोळे उघडले.

खुर्ची रिकामी होती.

आक्का फाटकाबाहेर उभ्या होत्या. शेजारच्यांच्या शेळीला वाटाण्याची टरफलं घालत होत्या.

"आली होय? भूक लागली होती?"

शेळी ओरडली.

"बरं बरं. घे आणखी."

ऋजुताचे कान तापले.

"मी कधी उठले?" आक्कांनी तिथूनच विचारलं.

ऋजुतानं रिकाम्या खुर्चीकडे बघितलं.

"पिल्लू नदीत उतरलं तेव्हा? का आधीच?"

"...माहीत नाही."

"मलाही आठवत नाही," आक्का म्हणाल्या. "पण तू काही थांबली नाहीस."

दुपारपर्यंत ऋजुता आक्कांशी पुन्हा बोलली नाही. मुलांचे टॉवेल वाळत घातले, खेळणी धुऊन ठेवली. मनात मात्र भांडण चालूच होतं. मुलांना गोष्ट आवडते. मुलं शांत बसतात. अजून काय हवं या बाईला?

दुपारी मल्हारी कुरणे आला. कारखान्यातून तसाच आलेला. केसांत, भुवयांवर कापसाचे पांढरे तंतू. तो माग चालवायचा. त्याची मुलगी कस्तुरी याच वर्गात होती.

"आक्का, पोरीचं नाव काढायला आलोय."

"का रे?"

"बोलंना ती." त्यानं ओसरीच्या खांबाला हात टेकला. "घरात न्हाई, हितं बी न्हाई. डाक्टरला कान दावलं, जीभ दावली. समदं चांगलं हाय म्हणतोय. मग बोलंना का? म्हातारीजवळ गावाकडं ठेवतो तिला. हितं ऱ्हाऊन काय उपेग?"

"आणि तुझा जीव राहील?"

मल्हारीनं खाली बघितलं. "न्हाई ऱ्हायचा. पर करू काय?"

"शनिवारी ये," आक्का म्हणाल्या. "तेव्हाही तुला वाटलं, तर ने."

तो गेला. ऋजुताला राहवलं नाही.

"आक्का, मी कस्तुरीसाठी काही कमी केलेलं नाही. रोज तिला समोर बसवते. हा रंग कुठला? हे फळ कुठलं? ही किती बोटं? रोज विचारते. ती बघते आणि मान खाली घालते."

"तुला माहीत असतं ना, रंग कुठला ते?"

"म्हणजे काय? अर्थातच!"

"मग विचारतेस कशाला?"

"...तिला येतं का ते बघायला."

"अस्सं," आक्का म्हणाल्या. "तिलाही तेच वाटत असणार."

गल्लीतले माग खटखटत होते.

मग आक्का म्हणाल्या, "उद्यापासून एक कर. वर्गात सुरुवात तू करायची नाहीस."

"म्हणजे?"

"आधी मूल. मग तू. आणि मूल जे काढील, त्याच्यावरच."

"आणि कुणी काही काढलंच नाही तर?"

"तर बसायचं."

"किती वेळ?"

"का? कुठली गाडी पकडायची आहे?"

"पण मग मी शिकवायचं कधी, आक्का?"

आक्कांनी वाटी उचलली आणि त्या आत गेल्या.

पहिल्या दिवशी फजितीच झाली.

मुलं नेहमीसारखी अर्धगोल करून बसली आणि ऋजुताकडे बघू लागली. ऋजुता त्यांच्याकडे बघू लागली. कुणी काही बोलेना. ती गोष्ट सांगणार, हे मुलांना ठाऊक होतं. ती गप्प बसली की काय करायचं, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. एकानं नाक ओढलं. एकीनं केसाची पिन काढली, पुन्हा लावली. ऋजुताच्या घशाशी हत्ती, माकड, नदी सगळं दाटून आलं. थोडा वेळ तिनं दम धरला आणि मग उचकी फुटावी तसं तिच्या तोंडून निघालं,

"एक होतं जंगल!"

मुलांनी सुटकेचा निःश्वास टाकला. तिनंही.

ओसरीवर आक्कांनी नुसती खुर्ची सरकवली. त्या खुर्चीचा आवाज ऋजुताला दिवसभर ऐकू येत राहिला.

दुसऱ्या दिवशी ती मुलांसमोर बसलीच नाही. त्यांच्यामध्येच जमिनीवर मांडी घालून बसली. हात मांडीवर. ओठ घट्ट.

बसूनं तिच्या तोंडाकडे वाकून बघितलं. बसू म्हणजे बसवराज, वर्गातला सगळ्यात जाडजूड मुलगा.

"बाई, गोष्ट?"

ऋजुता बोलणारच होती. पण बोलायचं काय? बसूनं 'गोष्ट' म्हटलं होतं, 'हत्ती' म्हटलं नव्हतं.

"कशाची हवी?" तिनं विचारलं.

बसू गांगरला. हे त्याला आजवर कुणी विचारलं नव्हतं.

"...म्हशीची."

"कुठली म्हैस?"

"आमच्या मामाची."

"काय केलं तिनं?"

बसूनं इकडंतिकडं बघितलं. बाई खरंच विचारताहेत, हे त्याच्या लक्षात आलं आणि त्याचा चेहरा उजळला. "ती टेम्पोत चढली!"

"टेम्पोत?"

"होय की! आणि उतरंना!"

"अरे देवा! मग?"

"मग मामानं ढकलली. ढकलली, ढकलली... आणि मामाच पडला!"

वर्ग खदखदून हसला. "कुठं पडला?" कुणीतरी ओरडलं. "शेणात!" बसू म्हणाला, आणि स्वतःच गडाबडा लोळू लागला. मग एकाची कोंबडी आली, एकीची आत्या आली, ती आत्याही कुठूनतरी पडलेली होती. जो तो उठून उभा राहून सांगत होता. ऋजुता एकाकडे वळे, दुसऱ्याकडे वळे. "खरंच? मग तू काय केलंस?" तिच्या लक्षात आलं, आपण पोट धरून हसतो आहोत आणि पुढं काय होणार हे आपल्याला अजिबात माहीत नाही. अशी गंमत तिला रंगमंचावर कधी आली नव्हती. तिथं पुढचं सगळं तिला पाठ असायचं.

सुटीत ती धावत ओसरीवर गेली.

"आक्का, म्हैस टेम्पोत चढली!"

"कुणाची?"

"बसूच्या मामाची!"

"उतरली का पण?"

"ते... ते राहिलंच विचारायचं!"

ती पुन्हा आत धावली. आक्कांनी तिच्या पाठीकडे बघितलं आणि डोळ्यांवरचा चष्मा काढून पुसला.

मात्र कस्तुरी अजून खिडकीशीच होती. तिची तीच जागा. भिंतीला पाठ, गुडघे पोटाशी. सगळे हसले तेव्हा तिनं मान वर केली होती, एवढंच. ऋजुतानं ते बघितलं. तिच्याकडे जावं, तिला जवळ घ्यावं, 'तुझ्या मामाकडे म्हैस आहे का गं?' म्हणून विचारावं, असं फार वाटलं. पण सुरुवात करायची नव्हती. ती जागची हलली नाही.

त्याच्या पुढच्या दिवशी मुस्कान ओरडली.

"बाई! मुंगी!"

"हो गं! मुंगी. मुंगी हा कीटक आहे, तिला सहा पाय असतात, आणि ती आपल्या घरासाठी—"

तिनं वर बघितलं. मुस्कान निघून गेली होती. कोपऱ्यात ठोकळ्यांशी खेळत होती.

ऋजुतानं जीभ चावली. रिकाम्या खुर्चीसमोर आपण उभ्या आहोत, असं तिला क्षणभर वाटलं. पण या वेळी राग आला नाही. ती जमिनीवर पालथी झोपली, हनुवटी फरशीला टेकवली आणि मुंगीकडे बघत राहिली.

थोड्या वेळानं शेजारी आणखी एक हनुवटी टेकली.

"ती साखर नेतीया," मुस्कान हळूच म्हणाली.

"कुणाला गं?"

"तिच्या बाळाला."

"अच्छा..."

मुस्काननं बराच विचार केला. "पण बाळाला दात न्हाईत."

"अगं बाई. मग?"

"...चाटून खाईल."

"हां. चाटून."

मुस्काननं समाधानानं मान हलवली. दोघी मुंगीबरोबर सरपटत पार भिंतीपर्यंत गेल्या. मुंगी खिडकीखालच्या फटीत शिरली तेव्हा ऋजुतानं वर बघितलं. कस्तुरी वाकून त्याच फटीत बघत होती. दोघींची नजर भेटली. कस्तुरीनं मान फिरवली, पण सावकाश.

शनिवार उजाडला.

ऋजुता लवकर आली होती. सकाळचे डबे खाऊन झाले, पाणी पिऊन झालं. तिचं लक्ष सारखं फाटकाकडे जात होतं. मल्हारी दुपारी येणार होता. येऊन मुलीचा हात धरणार होता. आणि त्यात ती काही करू शकत नव्हती, कारण सुरुवात करायची नव्हती. आक्का ओसरीवर वर्गाकडे पाठ करून बसल्या होत्या.

तेवढ्यात आवाज आला.

खट्... खटाक्.

खट्... खटाक्.

कस्तुरीनं खिडकीतला लाकडी पाट पुढ्यात ओढला होता आणि त्यावर ती मूठ आपटत होती. एकदा डावी, एकदा उजवी. चेहरा गंभीर.

"गलका नको गं," असं म्हणायला ऋजुतानं तोंड उघडलं... आणि तसंच राहू दिलं.

मूल काहीतरी म्हणत होतं.

ती उठली. खिडकीपासून जरा अंतर ठेवून जमिनीवर बसली. मूठ वळली. फरशीवर आपटली.

खट्... खटाक्.

कस्तुरी थांबली. एकदम मागं सरकली. ऋजुतानंही हात मागं घेतला. थांबली. गल्लीतला एक माग बंद पडला, पुन्हा चालू झाला.

...

खट्. कस्तुरीनं एकच ठोका दिला. आणि ऋजुताकडे बघितलं.

खट्. ऋजुतानं एकच दिला.

कस्तुरीच्या ओठांच्या कडा हलल्या. खट् खट्.

खट् खट्.

खट् खटाक्, खट् खटाक्, खट् खटाक्!

ऋजुताचे ठोके तिच्या ठोक्यांमागं धावले. कस्तुरीच्या मुठी आता अशा चालत होत्या की तिच्या वेण्या उडत होत्या. ऋजुताचे हात लाल झाले. ठोका चुकू नये म्हणून ती ओठ चावत होती. बसू खेळणं टाकून आला. मुस्कान आली. मुलं भोवती जमली. खट् खटाक्, खट् खटाक्... आणि मध्येच कस्तुरी थबकली. हात हवेत. बोटांनी हवेत काहीतरी केलं. मग पुन्हा खट् खटाक्.

ऋजुताला ते कळलं नाही. ती थांबलीच नव्हती. तिचे ठोके एकटेच पुढं गेले, घसरले, सगळा ताल विस्कटला.

कस्तुरीनं दोन्ही हात पाटावर ठेवले.

"असं न्हाई."

आवाज बारीक होता, घोगरा होता. पण आवाज होता.

"कस्तुरी बोलली!" बसू किंचाळला. "बाई, कस्तुरी बोलली!"

कस्तुरी दचकली. मान पुन्हा खाली जाऊ लागली. ऋजुताच्या मनात एकाच वेळी सगळं उसळलं. उठून नाचावं, तिला कडेवर घ्यावं, शाब्बास म्हणावं, आक्कांना हाक मारावी. ते सगळं तिनं गिळलं. हात पुढं केले.

"मग कसं गं?" तिनं विचारलं.

तिला खरंच माहीत नव्हतं.

कस्तुरीनं तिच्याकडे बघितलं. नीट बघितलं. बाई खोटं विचारतात का खरं, ते बघितलं.

"मधी दोरा तुटतोय," ती म्हणाली.

"दोरा तुटतो?"

"व्हय. दोरा तुटला की थांबायचं."

"थांबून काय करायचं?"

"गाठ मारायची. बाबा मारतोय. मग परत चालू."

"मला येत नाही गाठ मारायला, कस्तुरी."

हे ऐकून कस्तुरी उठली. उठून ऋजुतासमोर आली. बाईंची बोटं तिनं आपल्या चिमुकल्या हातांत धरली, अंगठ्यावर बोट ठेवलं, न दिसणारा दोरा ओढला, वळसा दिला. "हितनं घ्यायचं. ओढायचं. लई ओढायचं न्हाई. तुटतोय मग." ऋजुतानं केलं. चुकलं. कस्तुरीनं बोटं सोडवून पुन्हा धरली. "न्हाई, बघा की. असं." ऋजुतानं पुन्हा केलं.

"आता बरोबर," कस्तुरी म्हणाली.

ऋजुताचे डोळे भरून आले, पण ते पुसायला हात मोकळे नव्हते.

"माझा पण माग!" बसू ओरडला आणि त्यानं उपडा डबा बडवायला घेतला. मुस्काननं ठोकळे घेतले. कुणी फरशी, कुणी पाट, कुणी स्वतःच्या मांड्या. "मी धोटा! मी धोटा!" म्हणत एक पोरगं मागातला धोटा दोरा घेऊन पळतो तसं या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत धावू लागलं. सगळा वर्ग कारखाना झाला. खट् खटाक्, खट् खटाक्! आणि त्या गोंगाटावर कस्तुरीचा आवाज चढला,

"दोरा तुटलाऽऽ!"

सगळे जागच्या जागी थांबले. धोटा एका पायावर उभा राहिला. गंभीर चेहऱ्यानं मुलांनी हवेत गाठी मारल्या.

"चालू!" कस्तुरी ओरडली.

खट् खटाक्!

मल्हारी ओसरीच्या पायरीवर कधी येऊन उभा राहिला, ते कुणाला कळलं नाही. त्याला वाटलं, आपण चुकून परत कारखान्यातच आलो. तो दारात आला. त्याच वेळी त्याच्या पोरीनं वळून त्याच्याकडे बघितलं आणि ती जीव खाऊन ओरडली,

"बाबा! दोरा तुटला!"

मल्हारी होता तिथं थांबला. त्याची बोटं आपोआप वर आली, जुळली, वळली. हवेत गाठ बसली. मग त्याच्या ध्यानात आलं, आपल्याला कुणी हाक मारली.

"...काय म्हणालीस?"

"गाठ मारली का?"

"मारली."

"मग चालू कर की!"

त्यानं दाराच्या फळीवर मूठ आपटली. खट्... खटाक्. कस्तुरीनं पाटावर आपटली. त्यानं पुन्हा. तिनं पुन्हा. बापलेक हसत होते, आणि हसताहसता मल्हारी उंबऱ्यावर मटकन बसला.

"घराच्या मागंच कारखाना, बाई," तो ऋजुताला म्हणाला. "ही जन्मली तवापास्नं आवाज. हाक मारली तर ऐकू यायची न्हाई. आमी नवराबायको बी हातानंच बोलतो. मला वाटलं, पोरीला काय बोलायचंच न्हाई. आणि ही... ही रोज जेवताना ताटावर हात आपटायची. मी म्हणायचो, गप बस."

कस्तुरी त्याच्या मांडीवर येऊन बसली होती. त्याच्या भुवईवरचा कापूस काढत होती.

"ह्यो कुठला?" तिनं विचारलं.

"चाळीस नंबरच्या सुताचा," मल्हारी म्हणाला. मग जरा थांबून त्यानं विचारलं, "तुला आवडतोय व्हय?"

"मऊ हाय."

"व्हय. मऊ हाय."

आक्का खुर्चीवरून उठून दाराशी आल्या. "काय मल्हारी? नाव काढायचं आहे ना?"

"ऱ्हाऊ दे आज."

"आजच्यापुरतंच?"

"ऱ्हाऊ दे म्हणलं की, आक्का!"

तो पोरीला खांद्यावर घेऊन निघाला. गल्लीच्या वळणापर्यंत तिची बडबड ऐकू येत होती. काही शब्द कळत होते, काही नाही. मल्हारी प्रत्येक वेळी "मग?" म्हणत होता.

मुलं गेली. वर्गात डबे, ठोकळे, पाट अस्ताव्यस्त पडले होते. ऋजुता ते आवरेना. ती नुसती फेऱ्या मारत होती. तिचा आवाज बसला होता, ओढणी एका खांद्यावरून लोंबत होती, आणि तिला थांबताच येत नव्हतं.

"आक्का, ती मला म्हणाली, असं न्हाई! मला! आणि मी विचारलं तर सांगितलं तिनं! सगळं सांगितलं! माझी बोटं धरली! आणि तो बाप, तो दारात... तुम्ही बघितलंत ना? तुम्ही पाठ करून बसला होतात, पण ऐकलंत ना?"

"ऐकलं."

"आक्का, सोमवारी मी मागाची गोष्ट घेते! धोट्याचं गाणं करते. कस्तुरीला मध्ये उभी करते, ती म्हणेल 'दोरा तुटला', मग बाकीच्यांनी थांबायचं. मग मी विचारीन, गाठ कशी मारायची? मग ती सांगेल. मग मी विचारीन, तुमच्या घरी कोण कोण माग चालवतं? मग ते सांगतील... आक्का, मी आत्ताच सगळं ठरवून टाकते, सोमवारी मुलं काय म्हणतील, मी काय म्हणायचं!"

आक्का वाकल्या. फरशीवरचा एक ठोकळा उचलून त्यांनी ऋजुताच्या हातात ठेवला.

"सोमवारची मुलं अजून आली कुठं आहेत?" त्या म्हणाल्या.